दिवाणखान्यातला लालबागचा पाहुणा

यशवंत,

काल दादरला तुझी शोकसभा झाली. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, कारण तुझ्यापेक्षा वयाने मोठं असं घरात आता या थोरल्या बहिणीशिवाय कुणी उरलेलं नाही. ज्याच्या मालिकेत तू शेवटचं काम केलंस तो तरुण दिग्दर्शक माइकपाशी आला आणि म्हणाला, "येसोकाका म्हणजे गेस्ट रोलचे बादशहा! चार मिनिटांसाठी यायचे आणि हसवून हसवून बेजार करायचे. आणि त्यांची मालवणी! अहो, ती शिकवून येत नाही, ती रक्तातच लागते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवतात हे मला ठाऊक नव्हतं.

शेजारच्या बाईंना वाटलं मी रडते आहे. त्यांनी रुमाल पुढे केला. मी रडत नव्हते. मला संताप आला होता. बादशहा म्हणे. बादशहाला सकाळी सातला बोलावून संध्याकाळी पाचपर्यंत जिन्याखाली खुर्चीवर बसवून ठेवतात का? तुला फोन यायचे ते मी तुझ्याच घरी बसून ऐकले आहेत. "काका, उद्या एक मालवणी पाहिजे." हॉटेलात थाळी सांगावी तसं. रखवालदार, कोर्टातला शिपाई, नवरीचा दारुडा मामा. चाळीस वर्षांत कुणाला तुला डॉक्टर करावंसं वाटलं नाही, वकील करावंसं वाटलं नाही, नायकाचा बापसुद्धा नाही. आणि काल सगळे गळा काढून म्हणत होते, आमचे येसोकाका गेले.

पण तो पोरगा बोलला त्यातलं एक वाक्य मला घरी येईपर्यंत टोचत राहिलं. मालवणी शिकवून येत नाही म्हणाला. येत नसेल. पण शिकवून घालवता येते, हे त्याला कुठे माहीत आहे? ते मला माहीत आहे. म्हणून आज सकाळी चहा झाल्यावर लिहायला बसले. हे तुला लिहिते आहे, पण याची प्रत सानिका आणि रोहनला मेलबर्नला पाठवणार आहे. माझ्या या नातवंडांना तू 'टीव्हीत दिसणारे येसोआजोबा' एवढाच माहीत आहेस. या शहरात टीव्ही यायच्या आधी तू काय होतास, ते त्यांना माझ्याकडूनच कळायला हवं. त्यात माझी शोभा होणार आहे. होऊ दे.

मुलांसाठी सांगते. आपण लालबागच्या चाळीत वाढलो. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आणि आये दोन खोल्यांत खानावळ चालवायची. कोकणातून एकटे आलेले गिरणीवाले आपल्या दारापुढच्या गॅलरीत पाट मांडून जेवायचे. मला मिशनच्या शाळेत शिष्यवृत्ती मिळाली, मी इंग्रजी घेऊन बी. ए. झाले आणि ठाकूरद्वारच्या मुलींच्या शाळेत शिकवू लागले. तू मॅट्रिकला बसलाच नाहीस. पहिल्या पाळीत गिरणीत लागलास, आणि साडेतीनला सुटलास की नाटक. मुंबई महाराष्ट्रात येणार की नाही यावरून तेव्हा सगळं शहर पेटलं होतं. चाळीतून मोर्चे निघायचे. तू कलापथकात होतास. परळच्या मैदानात लाकडी टेबलावर उभा राहून तू आयेच्या भाषेत बोलायचास आणि हजारो माणसं कान देऊन ऐकायची. मी तिथे एकदाच आले होते. साडीला चिखल लागला म्हणून अर्ध्यावरून परत गेले.

तुझा जीव मात्र 'दिवाणखान्या'वर जडला होता. ठाकूरद्वारच्या एका सभागृहात दर रविवारी दुपारी हा प्रयोग व्हायचा. घर तेच, माणसं तीच. निवृत्त हेडमास्तर, त्यांची बायको, लग्नाची मुलगी. दर रविवारी त्यांच्याकडे नवा पाहुणा यायचा आणि तासाभरात घरात गोंधळ घालून जायचा. तुम्ही आता मालिका बघता ना मुलांनो, अगदी तसंच, फक्त टीव्हीच्या पडद्याऐवजी खरा पडदा. अख्खं गिरगाव यायचं. घरातल्या माणसांची कामं ठरलेली होती, पण पाहुणा दर वेळी वेगळा. त्यासाठी गुरुवारी संध्याकाळी वाचन असायचं. ज्याला काम हवं त्याने जायचं आणि नानांना वाचून दाखवायचं. नाना म्हणजे लिहिणारे, बसवणारे आणि हेडमास्तरांचं काम करणारे. माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचे ते दीर, म्हणून मीच तुला घेऊन गेले.

चार गुरुवार तू गेलास. चारही वेळा नाना तुला काही बोलले नाहीत, मला बोलले. "मुलगा चुणचुणीत आहे हो, बाई. पण बोलणं दिवाणखान्यात शोभणारं नाही. आपला प्रेक्षक गिरगावातला आहे."

परत येताना तू ट्रामच्या दांडीला धरून म्हणालास, "बाय, मी काय फ्रेंचात बोललंय?"

मला तेव्हा नानांचा राग यायला हवा होता. एका बाजूने मराठी माणूस एक, मराठी भाषा एक म्हणून रस्त्यावर लोक लाठ्या खात होते. नाना स्वतः छातीला बिल्ला लावून फिरत होते. आणि त्याच नानांच्या दिवाणखान्यात लालबागच्या मराठीला उंबरठ्याच्या आत यायची मुभा नव्हती. हे मला आज लख्ख दिसतं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की माझ्या भावाचे उच्चार वाईट आहेत, आणि उच्चार सुधारणं हा माझा धंदा आहे.

मी तुला हातात घेतलं. रोज पाच ते सहा. वहीत दोन रकाने आखले, डावीकडे आपले शब्द, उजवीकडे त्यांचे. इंग्रजीच्या तासाला मुलींकडून करून घ्यायची तसं तुझ्या दातांत पेन्सिल आडवी धरायला लावून अग्रलेख वाचून घेतले. वाक्याच्या शेवटी तू हेल काढलास की मी टेबलावर पट्टी आपटायची. तू पंचवीस वर्षांचा गिरणी कामगार, आणि माझ्यापुढे मांडी घालून पेन्सिल चावत बसायचास. एकदाही उलटून बोलला नाहीस. इतकं तुला ते काम हवं होतं.

खानावळीतल्या मंडळींची करमणूक झाली. बाबीमामा आपल्याकडे जेवायला असायचा, शेजारच्या खात्यातला विणकर. तो पानावर बसला की ओरडायचा, "काय येसोपंत, तुमका आमची माशाची कढी चलात मां? की तूप-भात वाढूक सांगू?" सगळे हसायचे, तूही हसायचास. आये हसायची नाही. एका संध्याकाळी ती भाकऱ्या थापता थापता थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याच्या तोंडातसून माकाच भायर काढतंस गो तू."

मी म्हटलं, "आये, त्याचं चांगलं व्हावं म्हणूनच करतेय ना?"

"करतेय," ती म्हणाली. माझा शब्द तिने माझ्याच आवाजात म्हटला, आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

सहा महिन्यांनी तू पुन्हा गुरुवारी गेलास आणि तुला काम मिळालं. विमा कंपनीचा कारकून. मग पोस्टमन. मग मुलगी बघायला आलेल्या मुलाचा मित्र. माझ्या मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "तुमचे बंधू लालबागचे वाटत नाहीत हो." मला इतका आनंद झाला की मी ते घरी येऊन सांगितलं. आयेसमोर सांगितलं. हे लिहिताना मला आता त्या बाईचा राग येतो आणि माझा दुप्पट येतो.

त्या वर्षी चळवळ फार तापली. बाबीमामाच्या खांद्यावर लाठी बसली आणि त्याचा उजवा हात कायमचा खांद्याच्या वर जाईनासा झाला. नानांनाही वाटलं असावं, आपणही काळाबरोबर राहायला हवं. त्यांनी नवा पाहुणा लिहिला. लालबागचा गिरणी कामगार, मूळचा मालवणचा, मोर्चातून चुकून दिवाणखान्यात शिरलेला. हे कळलं त्या दिवशी तू गिरणीतून धावत माझ्या शाळेच्या दारात आलास, केसांत कापूस तसाच. म्हणालास, "बाय, हो माझोच!" गुरुवारची वाटही न बघता तू चाळीत सगळ्यांना सांगून टाकलंस.

गुरुवारी मी कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. नानांनी तुझ्या हातात कागद दिला. तू वाचायला लागलास आणि दुसऱ्याच वाक्याला मी खुर्चीत पुढे सरकले. शब्द आपले होते, पण प्रत्येक शब्द घासूनपुसून सुटा येत होता. हेल चुकीच्या ठिकाणी पडत होते. जन्मभर घरी बोललेली भाषा तू पाहुण्यासारखी बोलत होतास. तुलाही ते कळलं. तू थांबलास, पुन्हा सुरुवात केलीस, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा नानांनी कागद काढून घेतला.

"अरे, नकली वाटतंय," ते म्हणाले. "तू कारकूनच बरा." आणि ते काम त्यांनी गिरगावातल्या एका बँकेतल्या गृहस्थांना दिलं. ते गृहस्थ गणपती बघायला वर्षातून एकदा लालबागला येत असतील तेवढेच. त्यांनी डोळे गरागरा फिरवून "माका, तुका" केलं आणि खोलीतले सगळे खो खो हसले.

मग नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमचा विद्यार्थी फारच चांगला शिकला हो."

तू माझ्याकडे बघत होतास. मी काहीतरी बोलावं म्हणून बघत होतास. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "थँक यू."

यशवंत, त्यानंतर आपण साठ वर्षं एकमेकांकडे जात-येत राहिलो, पण या 'थँक यू'बद्दल तू मला कधी विचारलं नाहीस. मीही कधी बोलले नाही. सवयीने तोंडातून निघून गेलं, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मला ती शाबासकी वाटली होती. तू समोर मातीत गेला होतास आणि मला शाबासकी मिळाली म्हणून मी खूश झाले होते.

रविवारी चाळीतली चौदा माणसं नाटकाला आली. तुझं काम गेल्याचं तू कुणाला सांगितलंच नव्हतंस. तुझ्या तोंडून निघेना, आणि माझ्याही. आये इरकली लुगडं नेसून आली होती, बाबीमामाने कोट घातला होता. सगळे मागच्या बाकांवर बसले. तू त्यांच्यातच जाऊन बसलास तेव्हा आयेने तुझ्याकडे एकदा बघितलं आणि सरकून जागा करून दिली.

मी पुढे बसले होते, शाळेतल्या बायकांबरोबर. तेही लिहून ठेवते.

बँकेतले गृहस्थ धोतर गुडघ्यावर घेऊन आले. खुर्ची सोडून जमिनीवर उकिडवे बसले. बशीतून फुर्र करून चहा प्यायले. प्रत्येक गोष्टीला सभागृह हसत होतं. मागच्या बाकांवरूनही हसू येत होतं, पण कमी कमी होत चाललं होतं. मग हेडमास्तर झालेल्या नानांनी विचारलं, "काय रे, संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर तुला काय मिळणार?"

"माका? माका सुके बांगडे सस्त्यात गावतले!"

लोक हसता हसता डोळे पुसू लागले. माझ्या शेजारच्या बाईंनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. आणि मी हसले. फार नाही, पण हसले.

तेव्हा मागून तुझा आवाज आला. "मास्तरानू, माका इचारा. मी लालबागचो."

तू बाकांच्या मधून पुढे येत होतास. हात मोकळे, आवाज चढवलेला नाही. नाना गोंधळून उभेच राहिले. तू रंगमंचाच्या खाली थांबलास आणि बोललास. "माका कायएक गावाचा नाय. सकाळी भोंगो वाजतलो नि मी कामार जातलंय, आज जातंय तसोच. हो बाबीमामा थंय बसलो हा, तेचो हात वर जायत नाय. तेका काय गावतला? पण ह्या शहर कोणाचा ता ठरवतांना आमका कोणी तरी इचारूक होया की नको?"

त्या तीन-चार वाक्यांत पेन्सिल नव्हती, पट्टी नव्हती. आयेच बोलत होती. गुरुवारी शोधून न सापडलेली भाषा तुला रागाने परत मिळाली होती. सभागृहात छत उडेल अशा टाळ्या पडल्या. लोक उभे राहिले. "वा नाना! काय युक्ती केलीत!" असं कुणीतरी ओरडलं.

त्यांना तो नाटकाचाच भाग वाटला. तू खरोखर विचारत होतास, उत्तर मागत होतास, आणि तिकीट काढून आलेल्या त्या सुशिक्षित लोकांनी टाळ्या वाजवून ते नाटकात जमा करून टाकलं. मला आजही तो आवाज सहन होत नाही. काल दादरला पुन्हा तसाच आवाज ऐकला. एक कबूल करायला हवं, बँकेतल्या त्या गृहस्थांनी टाळी वाजवली नाही. हातातली बशी खाली ठेवून ते मान खाली घालून उभे राहिले. सबंध सभागृहात त्या प्रश्नाची लाज वाटलेला माणूस बहुधा तो एकटाच.

चार दिवसांनी नानांचा निरोप माझ्या शाळेत आला. दर महिन्याला एक रविवार लालबागचा पाहुणा, काम तुझं. मी निरोप घेऊन घरी आले आणि म्हणाले, "जाऊ नकोस. त्यांनी तुझी विटंबना केली आहे." मला आता राग आला होता. उशिरा, पण आला होता. तुझ्यासाठी आला म्हणून मला अभिमानही होता.

तू गॅलरीत दोरीवर कपडे वाळत घालत होतास. म्हणालास, "मी नट आसंय, बाय."

"म्हणून बांगड्यांचे विनोद करणार?"

"करतलंय. दोन त्येंचे, एक माझो." मग सदरा झटकलास आणि म्हणालास, "मी नाय गेलंय तर परत तो ब्यांकेवालो जातलो."

मी म्हणाले, तुला स्वाभिमान नाही. तू म्हणालास, स्वाभिमान तुझ्या वहीत उजव्या रकान्यात लिहिलेलो असतलो, बघ. आयेने आतून ओरडून दोघांना गप्प केलं.

हा आपला वाद तिथेच तुटला, आणि तसाच राहिला. मुंबईसह महाराष्ट्र झाला. चाळीत गच्चीपासून खालपर्यंत पणत्या लागल्या, बाबीमामा डाव्या हाताने गुलाल उधळत होता. पुढे दिवाणखाना बंद पडला, नाना गेले, टीव्ही आला. तू पाहुणाच राहिलास. आज या मालिकेत, सहा महिन्यांनी त्या मालिकेत. दर वेळी फोन करायचास, "बाय, बुधवारी बघ हां. चार मिन्टां आसंय." मी म्हणायची, बघते. आणि त्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन भाजी निवडत बसायची.

एकदाही बघितलं नाही, यशवंत. एकदाही नाही. मला वाटायचं, ज्याचा अपमान त्याला कळत नाही त्याचा अपमान आपण कशाला बघावा. दुसऱ्या दिवशी फोनवर "छान झालं हो" म्हणायची. एकदा तू पटकन विचारलंस, "माझो सदरो खयच्या रंगाचो होतो?"

"पांढरा," मी म्हणाले.

"खाकी होतो गो," तू म्हणालास आणि इतका हसलास की तुला ठसका लागला. त्यानंतरही फोन करत राहिलास. माझ्यासारखी असती तर तिने केला नसता.

काल सभेहून आल्यावर रोहनचा फोन आला. चित्र दिसणारा फोन, दोन्ही मुलं पडद्यात दाटीवाटीने बसलेली. त्याला इंटरनेटवर तुझा एक तुकडा सापडला होता. तो त्याने मला पाठवला आणि म्हणाला, "आजी, इथे सगळे हसतायत, पण आजोबा काय म्हणतायत ते आम्हाला कळत नाही."

मी चष्मा लावून बघितलं. तू एका श्रीमंत सोसायटीचा रखवालदार. खाकी सदरा. घरातली बाई तुझ्यावर ओरडते. तू दोन विनोद करतोस, दोन्ही लेखकाचे, हे मला लगेच कळलं. मग ती म्हणते, "तुला काय कळतंय यातलं?" तू स्टुलावरून उठत नाहीस. तिच्याकडे बघतोस आणि म्हणतोस, "कळता माका सगळा. इचारणारो कोण नाय." मागून कुणीतरी हसण्याचा आवाज जोडला आहे. तू मात्र हसत नाहीस. तो तिसरा तुझा होता. अशी किती तिसरी वाक्यं तू या चाळीस वर्षांत कुठे कुठे ठेवून गेलास, आणि ती ओळखू शकणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते भाजी निवडत होतं.

मुलांना मी अर्थ सांगितला. सानिका म्हणाली, "तसं नाही आजी, ते म्हणतात तसं म्हणून दाखव."

मी म्हणून बघितलं. माझ्या तोंडून ते सुटं सुटं, घासूनपुसून आलं. मी पुन्हा म्हटलं. तुझ्याआधी कुणाच्या तोंडातून आये बाहेर काढली गेली होती, ते मला वयाच्या या टप्प्यावर कळलं. पुन्हा म्हटलं. चौथ्या वेळी रोहन माझ्यामागून म्हणू लागला, "कल्ता माका सग्ला," ऑस्ट्रेलियातला हेल काढून, ळ नाही, काही नाही. सानिका त्याला हसली आणि मला म्हणाली, "आजी, हा चुकतोय ना? सांग त्याला!"

मी म्हणाले, "नाही. म्हणू दे त्याला."